मोटारीचा कंठ आणि त्याची निगा

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त ग्वाल्हेर येथील लष्कर भागात मराठी भाषिक नागरिक, शिक्षक व वाहनचालक यांच्यापुढे जानेवारी महिन्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



ग्वाल्हेरला यावे, गळ्याविषयी बोलावे आणि गाण्याचे नाव काढू नये, हा खरे म्हणजे अपराधच होय. या गावी तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला असता गळा गोड होतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. या गावची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी संगीताचे शिक्षण देशभर पोहोचविले. अशा गावी मी ज्या गळ्याविषयी बोलणार आहे तो गवयाचा नसून मोटारगाडीचा आहे. तथापि हे अगदीच विषयांतर आहे असे कोणी समजू नये. यंत्रशास्त्रात ज्याला 'थ्रॉटल' म्हणतात तो शब्द इंग्रजीत मुळी गळा या अर्थाच्या शब्दापासूनच आला आहे. इंजिन ज्या वाटेने श्वास घेते ती वाट कमीअधिक आवळण्याची सोय म्हणजे थ्रॉटल. तो गळा बसला की गाडीचा आवाज कापू लागतो, आणि पुष्कळदा नको त्या जागी तो बंदच पडतो.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. माझी हत्यारे लेखणी आणि ध्वनिक्षेपक. पाना आणि पेचकस यांच्याशी माझा परिचय अलीकडचा आहे व तो कसा झाला हे सांगितल्याखेरीज आजच्या विषयाचे गांभीर्य ध्यानी येणार नाही.

ग्वाल्हेर हे माझे आजोळ. माझे मामा शिंदे की छावणी भागात राहतात. ते सेवानिवृत्त शिक्षक. त्यांनी आपली पेट्रोलवरची लहान गाडी येथील मेळ्यातच घेतली. हा मेळा १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाला, त्या वेळी तेथे गुरेढोरे विकली जात. आज तेथील मोटारींच्या दालनांपुढे जी गर्दी उसळते ती आपण पाहतोच. मेळ्यात खरेदी केलेल्या वाहनांवर अलीकडच्या काही वर्षांत मध्य प्रदेश शासनाने रस्ताकरात ५० टक्के सूट दिली, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरी मेळ्याची गाडी असणे साहजिक आहे. गाडी घेण्याचा उत्साह पुष्कळ असतो. ती सांभाळण्याचा उत्साह मात्र हाराच्या फुलांबरोबर सुकतो, असा माझा अनुभव आहे.

गेल्या पौषातील गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास मामींना धाप लागली. बाहेर या दिवसांत येथे पडते तसे दाट धुके होते. मामांनी गाडी काढली, मी शेजारी बसलो, मामी मागे. फूलबागेजवळ उजवीकडे वळण घेण्यासाठी मामांनी वेग कमी केला, पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, आणि वळणाच्या मध्यावर इंजिन एकदोनदा थरथरून बंद पडले. इंजिन बंद पडले की आजच्या गाडीत नुसती गती जात नाही. स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य थांबते, चाक दगडासारखे जड होते. ब्रेकला साहाय्य करणारी पोकळी एकदोन वेळा पाय दाबेपर्यंत पुरते, मग पेडलही घट्ट होते. समोरून धुक्यातून मालट्रक येत होता. त्याच्या चालकाने आमचे दिवे वेळीच पाहिले म्हणून तो हातभर अंतरावर थांबला. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले व आम्ही दवाखान्यात पोहोचलो. मामी आता चांगल्या आहेत, त्यांचीच प्रेरणा म्हणून मी आज येथे उभा आहे.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "अरे, महिनाभर ती सिग्नलला उभी राहिली की थरथरत होती. मला वाटलं, थंडीमुळे असेल."

"मग तुम्ही दाखवली का नाही, मामा?"

"चालत होती ना!"

'चालत होती ना' हे तीन शब्द मी त्यानंतर अनेक वाहनमालकांच्या तोंडून ऐकले आहेत.

आता हा गळा म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल जळावयास हवा लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हवी. ही हवा एअर फिल्टरमधून गाळून, रबरी नळीवाटे इंजिनाकडे जाते. या नळीच्या शेवटी धातूचे एक गोल तोंड असते आणि त्यात मधोमध आसावर फिरणारी एक चकती असते. मिस्त्री लोक तिला 'बटरफ्लाय' म्हणतात. चकती आडवी झाली की वाट मोकळी, उभी झाली की वाट बंद. चकती, तिचे घर आणि तिला हलविणारे साहित्य मिळून जो भाग होतो तो थ्रॉटल बॉडी. वाफेच्या इंजिनातही अशीच युक्ती असे. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेची वाट आपोआप कमीअधिक करणारा फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसविला. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी, १९९ किलोमीटर अंतराची ती दोन फुटी रुळांची छोटी आगगाडी २०२० साली बंद झाली. तिच्या वाफेच्या काळातले चालक तरफ ओढून हेच काम हाताने करीत असत.

जुन्या मोटारींत अॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत तारेची केबल असे. पाय दाबला की तार ओढली जाई व चकती उघडे. आजच्या बहुतेक गाड्यांत ही तार राहिलेली नाही. पाय दाबला की पेडलखालील सेन्सर इंजिनाच्या संगणकास विजेचा संदेश देतात, संगणक विचार करतो आणि एक लहानशी विजेची मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने चकती हलवते. ज्यांना हे समजण्यास अवघड वाटत असेल त्यांनी जयविलास प्रासादातील संग्रहालयात जाऊन मेजवानीच्या टेबलावरील चांदीची आगगाडी पाहावी. पाहुण्याने तिच्यावरील मद्यपात्र उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की चालू लागे. पाहुण्याचा हात गाडीच्या चाकाला लागत नसे, विजेचा संदेश ते काम करी. आपल्या पायाचेही आता तसेच झाले आहे. आपण फक्त इच्छा प्रकट करतो, चकती हलविणारा दुसराच असतो. पुढे मी ज्या धोक्याविषयी सांगणार आहे त्याचे मूळ येथेच आहे, म्हणून हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे.

गाडी जागच्या जागी सुरू असते तेव्हा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'स्लो'वर असते तेव्हा, चकती जवळजवळ मिटलेली असते. तिच्या कडेला द्वितीयेच्या चंद्रकोरीएवढी फट राहते व त्या फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन मिनिटाला साधारणतः ७०० ते ९०० फेरे घेत राहते. घाण नेमकी या कडेवरच बसते. इंजिनाच्या तळाशी तयार होणारी तेलकट वाफ हवेत सोडून देण्यास मनाई असल्यामुळे ती पुन्हा हवेच्या वाटेनेच आत घेतली जाते. काही गाड्यांत जळालेल्या धुराचा थोडा भागही परत आत येतो. या तेलकट थरावर फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ चिकटते, इंजिनाच्या उष्णतेने ती भाजली जाते, आणि चकतीच्या कडेला काळपट चिकट मेण जमते. फट अरुंद होते. संगणक हुशार असतो, तो चकती किंचित अधिक उघडून काम भागवतो व ही नवी जागा स्मरणात ठेवतो. म्हणूनच आजार कित्येक महिने दिसत नाही. पुढे एक दिवस असा येतो की चकती कडेला चिकटते किंवा संगणकाची मर्यादा संपते, आणि मग फूलबागेसारखा प्रसंग ओढवतो.

या शहराची हवा या रोगास अनुकूल आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, वावटळी उठतात, आणि आसपास दगडाच्या खाणींची धूळ असते. पण धुळीपेक्षाही मी आपल्या सवयींना अधिक दोष देईन. मामांची गाडी दिवसाकाठी छावणीतून बाड्यापर्यंत व परत एवढीच चाले. इंजिन पुरते तापण्याआधीच ते बंद होई. असा तुटक प्रवास करणाऱ्या गाडीत तेलकट वाफ व ओल साचण्यास वाव मिळतो. त्यात फिल्टर वेळेवर न बदलणे आणि इंजिनात तेल प्रमाणाबाहेर भरणे यांची भर पडते.

लक्षणे ओळखावयास फारसे शास्त्र लागत नाही. सिग्नलला गाडी थरथरते, फेऱ्यांचा काटा वरखाली होतो, एअर कंडिशनर चालू करताच इंजिन मान टाकते, थांबता थांबता बंद पडते, पुन्हा सुरू करताना अॅक्सिलरेटर दाबावा लागतो. मात्र थरथरणारी प्रत्येक गाडी याच रोगाची असते असे मानणे ही घोडचूक होय. झिजलेला प्लग, निकामी कॉइल, तडकलेली हवेची नळी, तुंबलेला इंजेक्टर, बसलेले इंजिन माउंटिंग, यांपैकी काहीही असू शकते. तेव्हा प्रथम निदान, मग उपचार. डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर निदानयंत्र जोडून त्याची खूण वाचून घ्यावी. 'पी ०५०६' ही खूण संथ फेरे अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे सांगते, 'पी ०५०७' अधिक असल्याचे. 'पी २१३५' ही खूण चकतीची जागा दाखविणाऱ्या दोन सेन्सरांचे एकमत नसल्याचे सांगते, आणि ते दुखणे कापडाने पुसून जाणारे नव्हे. सी.एन.जी.वर चालणाऱ्या गाडीची आणखी एक सोपी परीक्षा आहे. फक्त गॅसवर गाडी थरथरत असेल तर संशय गॅसच्या साहित्यावर घ्यावा. दोन्ही इंधनांवर थरथरत असेल तर ज्या वाटेने दोहोंना हवा मिळते ती वाट आणि प्लग तपासावेत.

आता मामांच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगतो. पहिल्या ठिकाणी बोनेट उघडून पाहण्याआधीच संपूर्ण थ्रॉटल बॉडी बदलण्याचा सल्ला मिळाला. नव्या भागाची किंमत ऐकून मामांनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. तेथे हाताखालच्या पोराने हवेची नळी काढली, आणि चकती उघडावी म्हणून दुसऱ्यास चावी फिरवून पेडल दाबावयास सांगितले. चकती उघडली. पोराने आत बोट घालून पुसावयास सुरुवात केली. चावी धरणाऱ्याचे लक्ष रस्त्याकडे गेले, पाय सुटला, आणि चकती मिटली. तारेच्या जुन्या चकतीत केवळ स्प्रिंगचा जोर असे. येथे स्प्रिंगच्या जोडीला मोटर असते, दातेरी चाके असतात, आणि चकतीची कड धारदार असते. पोराचे नख अर्धे उखडले. त्याचे वय सोळासतरा असावे. मालकाने हळद आणली, मामांनी त्याला दवाखान्यात नेले, आणि गाडी तशीच अर्धवट राहिली. आजच्या भाषणाचा विषय मी 'सुरक्षित सफाई' असा का घेतला याचे उत्तर त्या नखात आहे.

शेवटी ट्रान्सपोर्ट नगराकडील एका वयोवृद्ध मिस्त्रींनी ते काम केले. त्यांना सारे उस्ताद म्हणतात. "गला साफ करना है, काटना नहीं," असे त्यांनी प्रथमच बजावले. त्यांनी केले ते मी शेजारी उभा राहून पाहिले, नंतर गाडीसोबतच्या पुस्तिकेशी ताडून पाहिले, आणि तेच आपणांस सांगत आहे.

पहिली गोष्ट पुस्तिका. काही उत्पादक चकतीच्या घरास आतून विशेष लेप देतात व ते घर घासण्यास स्पष्ट मनाई करतात, काही गाड्यांत तशी चिठ्ठीच चिकटवलेली असते. अशी मनाई असेल तर तेथेच थांबावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर अधिकृत केंद्रातच जावे, उगाच हमी गमावू नये. ज्यांच्या गाडीत इंजिनाचे गरम पाणी खेळविणाऱ्या नळ्या थ्रॉटल बॉडीस जोडलेल्या आहेत त्यांनीही हे काम घरी करू नये.

जागा उघडी व हवेशीर हवी. थंडीच्या दिवसांत गॅरेजाचे शटर ओढून आत इंजिन सुरू ठेवण्याची सवय प्राणघातक आहे. पेट्रोलच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. सफाईचा फवारा चटकन पेट घेणारा असतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजाच्या खड्ड्यात साचते, म्हणून विडी, काडी, वेल्डिंग, सारे दूर. डोळ्यांस चष्मा आणि हातांस रबरी मोजे असावेत.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून उभी करावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. चावी काढून ती मालकाने स्वतःच्या खिशात ठेवावी. ज्या गाड्या चावी जवळ असली की बटणावर सुरू होतात त्यांची चावी घरात नेऊन ठेवावी. मग दहाच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूस करावे व काही मिनिटे थांबावे. काही गाड्यांत चावी फिरवताच किंवा बंद करताच संगणक स्वतःहून चकती उघडमीट करून पाहतो, पेडलला कोणाचाही पाय नसताना. विजेचा संबंध तोडल्याशिवाय आत बोट जाता कामा नये ते याच कारणाने. बॅटरी सोडल्याने घड्याळ मागे पडेल, रेडिओस सांकेतिक अंक मागावा लागेल, एवढा त्रास सोसावा.

यानंतर हवेच्या नळीचा क्लॅम्प सैल करून नळी काढावी. नळीवर हवा मोजणारा सेन्सर असल्यास त्याचे जोडण काढताना तार ओढू नये, प्लग धरावा. आत बॅटरीच्या उजेडात पाहावे. चकतीच्या कडेला काळा थर नसेल, घर चकचकीत असेल, तर पुसण्यासारखे काही नाही. नळी परत लावावी आणि रोग दुसरीकडे शोधावा. थर असेल तर थ्रॉटल बॉडी सोडवून बाहेर काढणे हाच उस्तादांच्या मते सुरक्षित मार्ग. विजेचा प्लग काढावा, बोल्ट सोडवून एका वाटीत मोजून ठेवावेत, आणि इंजिनाच्या उघड्या तोंडावर लगेच स्वच्छ कापड बसवावे. एखादा वॉशर आत पडला तर शंभराच्या कामाचे लाखाचे काम होते.

बाहेर काढलेला भाग मोटर व सेन्सरची बाजू वर राहील असा धरावा, म्हणजे द्रव त्यात उतरणार नाही. फवारा थ्रॉटल बॉडीकरिता बनविलेलाच घ्यावा, तो काही शे रुपयांत मिळतो. कार्बोरेटरसाठी मिळणारे उग्र द्रव आतील लेप व रबरी सील खाऊ शकतात. पेट्रोलने धुण्याची तर गोष्टच नको. फवारा थेट भागावर न मारता कापडावर मारावा व त्या ओल्या कापडाने चकतीची कड, घराची आतील बाजू, मग चकतीची मागची बाजू पुसावी. धागे न सुटणारे जुने सुती कापड उत्तम. कोपऱ्यांसाठी मऊ दातघासणी चालते. पॉलिश पेपर, ब्लेड, पेचकसाचे टोक यांना येथे सक्त बंदी असावी. एक ओरखडा पडला की तेथून हवा निसटते आणि आपण जो रोग घालवावयास निघालो तोच कायमचा होऊन बसतो.

मागची बाजू पुसण्यासाठी चकती उघडावी लागते आणि येथेच बहुतेकांचा हात चुकतो. आतील दातेरी चाके पुष्कळदा प्लॅस्टिकची असतात. जोराने ढकलले की दाते तुटतात. पुस्तिकेत हाताने उघडण्यास मनाई असेल तर चकतीस हात लावू नये, दिसते तेवढेच पुसावे. मनाई नसेल तर वीज तोडलेल्या स्थितीत, एका बोटाच्या हलक्या दाबाने सावकाश उघडावी आणि सावकाशच मिटू द्यावी, एकदम सोडू नये. पूर्ण मोकळी सोडलेली चकती किंचित उघडी राहिली तर घाबरून जाऊ नये. विजेचा संदेश तुटला तरी गाडी मंदगतीने सुरक्षित जागी पोहोचावी म्हणून स्प्रिंगच्या योगे तिला तशी ठेवलेली असते. ती बळेच मिटविण्याचा प्रयत्न करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

सर्व कोरडे झाल्यावर जुने पॅकिंग तपासावे, दबलेले असल्यास नवे घालावे, कापड काढल्याची खात्री करावी, आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, बेताच्या जोराने आवळावेत. हवेची नळी नीट न बसल्यास सारी मेहनत वाया जाते. शेवटी बॅटरी जोडावी.

आता एक अनपेक्षित गोष्ट घडते. स्वच्छ झालेली गाडी सुरू करताच फेरे एकदम वाढतात, कधी दुपटीपर्यंत. मालक म्हणतो, काम बिघडले. वस्तुतः संगणकाला अजून जुनी, घाणेरड्या चकतीची जागा आठवत असते व तो तेवढीच चकती उघडतो, फट मात्र आता मोकळी झालेली असते. त्यास नवी जागा शिकवावी लागते. काही गाड्यांत पेडलला पाय न लावता चावी फिरवून ठराविक वेळ थांबावे, मग इंजिन सुरू करून एअर कंडिशनर व दिवे बंद ठेवून ते पुरते तापेपर्यंत चालू द्यावे, एवढ्याने भागते. काहींना निदानयंत्राद्वारेच शिकवावे लागते. नेमकी रीत पुस्तिकेत किंवा अधिकृत केंद्रात मिळते. हे शिक्षण पुरे होईपर्यंत गाडी रहदारीत नेऊ नये. मामांच्या गाडीला उस्तादांनी निदानयंत्र जोडले, आणि काटा ८०० च्या आसपास स्थिर झाला. शिक्षकी पेशातील मामांना हा भाग फारच आवडला. "जुनं विसरायला शिकवणं नवं शिकवण्यापेक्षा अवघड असतं," असे ते म्हणाले.

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांस माझी एक विशेष विनंती आहे. शाळेच्या व्हॅनकडे लक्ष द्यावे. ज्या व्हॅनचे इंजिन स्लोवर टिकत नाही तिचा चालक मुले चढत-उतरत असताना अॅक्सिलरेटर सारखा दाबून धरतो, नाहीतर गाडी बंद पडते. एक पाय अॅक्सिलरेटरवर, एक क्लचवर, ब्रेकवर कोणीच नाही आणि दारात सहा वर्षांचे मूल. क्लचवरील पाय घसरला की गाडी उडी घेते. फाटकाशी उभी असलेली व्हॅन सारखी गुरगुरत असेल तर चालकास प्रेमाने विचारावे, "भाऊ, पाय काढला तर गाडी चालू राहते का?" उत्तर नकारार्थी आले तर त्या दिवशी मुलांना तीत बसवू नये. मालकास राग येईल, तो येऊ द्यावा.

खेड्यांतील बंधूंसाठी थोडेसे. ट्रॅक्टर व जुन्या डिझेल जीपगाड्यांचे संथ फेरे डिझेलच्या पुरवठ्यावर अवलंबून असतात, त्यांना वरील वर्णन लागू पडत नाही. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे मानक लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींतही बहुधा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले आहे. त्यांनाही थ्रॉटल बॉडी असते, मात्र बहुतेकांत ती अजून तारेने चालते. त्या गाडीचे स्लो वाढविण्यासाठी पूर्वीप्रमाणे दिसेल तो स्क्रू पिळू नये.

कार्यालयीन वाहनांचे प्रभारी अधिकारी येथे आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये पेट्रोल वाहनाच्या धुराची तपासणी इंजिन संथ फेऱ्यांवर असताना होते. ज्या गाडीला संथ फेरेच धरवत नाहीत ती पी.यू.सी. तपासणीतही अडखळण्याचा संभव असतो. दुसरी गोष्ट बिलाची. काही ठिकाणी गरज असो वा नसो, प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलात थ्रॉटल सफाईची रक्कम मांडलेली आढळते. वारंवार घासल्याने लेप झिजतो. तेव्हा काढलेल्या घाणीचे कापड दाखवा, असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. कापड स्वच्छ असेल तर ती रक्कम मंजूर करण्याचे कारण नाही.

वापरलेली कापडे चुलीजवळ किंवा उन्हात गोळा करून टाकू नयेत, उघड्यावर पसरून वाळवावीत व मगच विल्हेवाट लावावी. हे सांगावयाचे राहिले होते.

उस्तादांनी एक जुनी, निकामी थ्रॉटल बॉडी माझ्याकडे दिली आहे, ती या टेबलावर ठेवली आहे. एका अंगाला काळा थर तसाच ठेवला आहे, दुसरे अंग पुसले आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी सावकाश यावे, मुलांनाही दाखवावी. तिला बॅटरी जोडलेली नाही. तरीही चकतीत बोट घालण्याआधी, जोडलेली नाही ना, असे आपण मला विचारावे अशी अपेक्षा आहे.